उभ्या माणसाचं माप

लग्नाची हळद अंगावरून पुरती उतरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. सुलाबाई आत जात्यावर बसलेली आणि बाहेर सोप्यात भांडण पेटलेलं. जातं थांबवावं तर सासू म्हणणार, नवी सून कान लावून बसलीय. जोरात फिरवावं तर काही ऐकू यायचं नाही. तिनं मधला मार्ग काढला, खुंटा धरून सावकाश फिरवत राहिली. त्या दिवशीचं पीठ जाडंभरडं पडलं आणि त्याची बोलणी तिला संध्याकाळी वेगळी खावी लागली.

भांडण एका दोरीवरून होतं. सासरा महिनाभर आजारानं बाजेवर पडून होता. धाकटा मुलगा नाथाजी, म्हणजे सुलाबाईचा नवरा, हाताचा कसबी. बाज विणावी तर त्यानंच. जुन्या बाजेवर बापाचे पाय बाहेर लोंबतात, एक लांब बाज विणून द्यावी, असं त्याच्या मनात आलं. म्हातारा झोपलेला बघून त्यानं सुंभाची दोरी डोक्यापासून टाचेपर्यंत धरली आणि दोन गाठी मारल्या. नेमकी त्याच वेळी आई कळशी घेऊन दारात आली.

"निजल्या माणसाचं माप कवा घेत्यात, ठावं हाय का रं तुला?" ती म्हणाली.

ते ठाऊक कुणाला नव्हतं? आडव्या माणसाचं माप आपल्याकडं एकदाच घेतात, तिरडीचे बांबू तोडायला माणूस धाडायच्या आधी. नाथाजी म्हणत राहिला, आये, बाजंसाठी घेतलं गं. आई म्हणत राहिली, दोरीला काय कळतंय बाज का तिरडी. थोरला हंबीरराव पलटणीतनं रजेवर आला होता. तो वरच्या आवाजात बोलणारा गडी नव्हे. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाला, "आबांस्नी काय झालं तर ते तुज्या दोरीनं झालं. ध्यानात ठेव."

सासरा त्या पंधरवड्यातच गेला. तो जाणारच होता, वैद्यानं आधीच हात टेकले होते. पण नाव दोरीचं झालं. नाथाजीनं त्यानंतर कधी बाज विणली नाही. पुढं काही वर्षांनी विहिरीच्या कामावर दरड कोसळून तो गेला, तेव्हा दहाव्याला घाटावर कुणीतरी बोललंच, घेतलेलं माप फिरून आलं म्हणून. सुलाबाईच्या कानावर पडावं इतपतच हळू बोललं.

सुलाबाईला मूलबाळ नव्हतं. घराचे दोन भाग झाले, मधे डोक्याएवढी भिंत आली. पलीकडं हंबीरराव आणि त्याची बायको मनुबाई, अलीकडं ही एकटी. माहेरी जायचं तर माहेर राहिलं नव्हतं. त्या दिवसांत मनुबाईनं तिला जगवलं, पण कसं ते ऐकण्यासारखं आहे. कालवणाची वाटी भिंतीवर ठेवायची आणि हाक न मारता माघारी जायचं. हाक मारली तर घेणारीला उपकार घेतल्यासारखं वाटतं. मांजरानं वाटी पाडली तर पाडली, पण मनुबाईनं कधी हाक मारली नाही. धाकट्या जावेनं तेवढं ओळखलं आणि ती त्या बाईसाठी जीव टाकायला तयार झाली.

मनुबाई दिसायला बारीक. दंड काडीसारखे, बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. खाल्लेलं हिच्या अंगीच लागत नाही, असं सगळा गाव म्हणायचा, आणि तिलाही त्याचं जरा वाईट वाटायचं. कारण बाई अंगानं भरली म्हणजे घर चांगलं, आणि वाळली म्हणजे माहेरची माणसं चौकशीला येणार, हा गावचा हिशेब. नऊवारीच्या आत काय आहे ते कोण बघायला जातंय.

किल्लारीला भूकंप झाला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात इस्लामपूरच्या रस्त्यानं गावात, माळेवाडीला, एक पांढरी गाडी यायला लागली. मिरजेच्या मोठ्या दवाखान्याची. काळजाचा आजार आणि साखरेचा आजार खेड्यात कुणाकुणाला व्हायची भीती आहे, ते माणसं धडधाकट असतानाच हुडकायचं, असं त्यांचं काम. बरोबर डॉक्टर शकुंतलाबाई, मूळच्या वाईच्या. बुटक्या, चष्मा सारखा नाकावर घसरलेला, आणि चालणं असं की मागचा माणूस पळतच असायचा. त्यांच्याबरोबरचे कंपौंडर सगळे पुरुष. गावच्या बायका काही त्यांच्या हाताला अंग लावू देईनात. तेव्हा बाईंनी अंगणवाडीत सुकडी शिजवणाऱ्या सुलाबाईला धरलं. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण आकडे वाचता येत होते. त्यांना तेवढंच हवं होतं.

तिच्या हातात त्यांनी एक टेप दिला, शिंप्याच्याकडं असतो तसला, आणि एक चिमटा. चुलीतला नव्हे. ह्याच्या टाळूवर घड्याळासारखी तबकडी होती. दंडाच्या मागची कातडी दोन बोटांनी मांसापासून सोडवून धरायची, तिला चिमटा लावायचा आणि काटा थांबला की आकडा वाचायचा. तसंच पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली. कातडीखाली चरबीचा थर केवढा ते त्यावरून कळतं. मग टेपनं कंबर मोजायची, बरगडी संपते आणि कमरेचं हाड लागतं त्याच्या मधोमध, आणि मग कुल्ले.

"वजनकाटा सांगतो, माणूस किती आहे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "चरबी किती आणि कुठं आहे, हे तो सांगत नाही. आणि आपल्याला ती कुठं आहे तेच पाहिजे."

सुलाबाईनं ते आपल्या भाषेत करून घेतलं. बायकांना ती सांगायची की मांडीवरली चरबी सासुरवाशीण असती, गप एका जागी बसती. पोटातली चरबी नणंद. दिसायला एवढीशी, पर काळजापतोर कुरापती काढती. ज्यांच्या नणंदा त्या वेळी रांगेत उभ्या असायच्या त्यांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. गावानं तिचं नाव चिमटेबाई पाडलं. भाजी घ्यायला गेली तरी बायका दंड पदराखाली लपवायच्या आणि म्हणायच्या, आली बघा, आता कातडं सोलून न्हेती. तिनं स्वतःवर सराव केला होता, पण तिच्या अंगावर चिमट्याला धरायला काही सापडत नव्हतं.

पहिली तपासणी शाळेच्या व्हरांड्यात झाली. पुरुषांच्या बाजूला लालासाहेब पुढं. गावातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात हसरा माणूस. त्यानं सदरा वर केला, पोटावर थाप मारली आणि कंपौंडरला म्हणाला, "टेप पुरंल का बघ गड्या, न्हाईतर कासरा आणतो." सगळा व्हरांडा हसला. शकुंतलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि सोमवारीच मिरजेला यायला सांगितलं. तो म्हणाला, ऊस तुटला की येतो.

बायकांच्या बाजूला चादर बांधली होती, पण चादरीला चार भोकं. सुलाबाईनं दंड मोजले, पाठी मोजल्या, आणि कमरेची वेळ आली तेव्हा तिचा हात अडला. समोर चुलत सासवा, थोरल्या जावा, गावच्या मामी, मावश्या. त्यांच्या निऱ्या खाली कर म्हणायचं कोणत्या तोंडानं? मग तिनं सगळ्यांच्या कमरेला टेप लुगड्यावरनंच गुंडाळला. मनुबाईचीही कंबर तशीच घेतली, आत निऱ्यांचा गठ्ठा, कनवटीला पानाची चंची आणि चंचीत अडकित्ता.

आठवड्याच्या आत लालासाहेब इस्लामपूरच्या जनावरांच्या बाजारात गेला. बैलाचा दात बघायला वाकला, खाली बसला, तो उठलाच नाही.

डॉक्टरीणबाईनं त्याला काय सांगितलं होतं ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. त्याच्या पोटाभोवती टेप फिरला, ते मात्र सगळ्यांना आठवलं. जित्या माणसाचं माप घेतलं आणि माणूस गेला. टेप धरला कंपौंडरनं, पण गावात माप घेणारी म्हणून नाव कुणाचं, तर नाथाजीच्या बायकोचं. जुनी दोरी गावानं उकरून काढली. ज्यांची मापं झाली होती त्यांनी घरी जाऊन मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. पुढच्या वेळी गाडी आली तेव्हा व्हरांड्यात एक कुत्रं झोपलेलं होतं, बाकी कुणी नाही.

त्या रिकाम्या व्हरांड्यातच शकुंतलाबाईंनी तिला विचारलं, "सुलाबाई, तुमच्या गावच्या बायकांचे दंड काडीसारखे आणि कमरा रांजणासारख्या, हे कसं?"

तिनं खरं ते सांगून टाकलं. निऱ्या सांगितल्या, चंची सांगितली, अडकित्ता सांगितला. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग कागद चाळता चाळता त्या एका नावावर थांबल्या आणि त्यांचं हसू गेलं. मनुबाई. हिचा रक्तदाब चढलेला होता. दंड बारीक, वजन बारीक, आणि कंबर ही एवढी.

"हे नुसतं लुगडं असेल तर उत्तम," त्या म्हणाल्या. "पण ते पोट असेल, तर ही बाई लवकरात लवकर मिरजेला आली पाहिजे. अशी बाई वरून बारीक दिसते, म्हणून तिच्याकडं कुणी बघतच नाही. तिला धाप लागते का हो? पाणी फार पिते?"

सुलाबाईला एकेक आठवायला लागलं. गेले कित्येक महिने भिंतीपलीकडं रांजणात तांब्या बुडाल्याचा आवाज येत होता. एक तांब्या, थोड्या वेळानं आणखी एक. देवळाच्या पायऱ्यांवर मनुबाई मधेच थांबायची आणि आपण देवाचं बघतोय असं दाखवायची. पायाला लागलेली ठेच दिवाळीपासून बरी झाली नव्हती. हे सगळं सुलाबाईनं डोळ्यांनी बघितलं होतं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

बाई स्वतः हंबीररावाकडं गेल्या. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला, पलटणीतल्या डॉक्टरांच्या गोष्टी सांगितल्या, आणि मंडळी शेतात गेलीय म्हणून सांगून गाडीपर्यंत पोचवायला आला. मंडळी आत चुलीपुढं बसली होती.

मग सुलाबाई गेली. थोरल्या दिराशी ती कधी समोरासमोर बोलली नव्हती. तो तिच्याशी बोलायचा ते बायकोच्या आडून, आणि तीही तसंच. म्हणून उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून, डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती मनुबाईला म्हणाली, "आक्का, माप चुकलंय माज्या हातनं. पुन्ना घ्याया पायजे. लुगड्याच्या आतनं."

हंबीरराव जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला आणि बायकोकडं बघत म्हणाला, "तिला सांग, ह्या घरात माप शिरायचं न्हाई. एकदा तिच्या दाल्ल्यानं घेतलं, आबा गेलं. परवा तिनं घेतलं, लालासायब गेला. आता तिला माजं घर रिकामं करायचं हाय का, इचार."

स्वतःच्या सख्ख्या भावाला तो भाऊ न म्हणता 'तिचा दाल्ला', तिचा नवरा, म्हणाला. सुलाबाईला माप, टेप, सगळं विसरून तेवढंच ऐकू आलं. मनुबाईनं खाली बघून भाकरी उलटली. भाकरी करपली होती, तरी तिनं ती तव्यावर तशीच राहू दिली.

त्या दिवसापासून भिंतीवर वाटी यायची बंद झाली. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू मात्र यायचं. सुलाबाई चुलीपुढं बसली की तिचे कान आपोआप रांजणाकडं जायचे. तांब्या बुडाला की तिला वाटायचं ही पिती हाय, म्हणजे जिती हाय. आणि बराच वेळ बुडाला नाही की ती हातातलं काम टाकून भिंतीपाशी उभी राहायची. कधी पलीकडं खोकला यायचा, कधी धुणं आपटल्याचा आवाज यायचा, आणि मग ही परत चुलीपाशी. आपण जे माप घेतलं ते खोटं, आणि खरं घ्यायला गेलो तर दार बंद. बरं, लुगड्याचंच असेल सगळं. अडकित्ता काय कमी जाड होता? असं ती दिवसा स्वतःला समजवायची. पण धाप काही लुगड्याला लागत नाही, हेही तिला कळत होतं. अंगणवाडीत एकदा तिनं सुकडीत गूळ दोनदा घातला. पोरं खूश झाली.

एकदा बांधावरनं येताना तिला मनुबाई दिसली. डोक्यावरचा वैरणीचा भारा खाली पडलेला आणि ती त्यावरच बसलेली, एक हात छातीशी. सुलाबाई पळत गेली. मनुबाईनं हात खाली घेतला आणि म्हणाली, काय न्हाई गं, पित्त झालंय, ओवा खाल्ला की बरं वाटंल. भारा सुलाबाईनं उचलला. वाटेत दोघी बोलल्या नाहीत. गावात शिरायच्या आधी मनुबाईनं भारा परत आपल्या डोक्यावर घेतला, कारण हंबीरराव पारावर बसला होता.

दोन दिवसांनी तो कारखान्याच्या सभेला इस्लामपूरला गेला. दुपारची वेळ. भिंतीपलीकडनं हाक आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "सुले, हात भरून आल्यात गं. जरा पाठीला त्याल लाव."

न्हाणीत मनुबाई पाटावर बसली होती, अंगावर नुसतं जुनं पातळ. तेल कोमट होतं. सुलाबाईनं मान चोळली, खांदे चोळले, हाडं हाताला लागत होती. पाठीवरनं हात खाली आला, कमरेशी आला, आणि पुढं पोटाकडं गेला. तिथं घट्ट, गोल, मोठं पोट होतं, भरल्या घागरीसारखं. त्या काडीसारख्या दंडांच्या बाईचं ते पोट वाटतच नव्हतं. सुलाबाईनं हात पसरला. अंगठा ते करंगळी एक वीत, पुढं दुसरी.

"मोजतीस व्हय गं?" मनुबाई म्हणाली.

खोटं बोलावं असं सुलाबाईच्या मनात आलं, पण तेलकट हात त्या पोटावरच होता, आता काय बोलणार? ती म्हणाली, "व्हय आक्का. तुला माप द्यायचं नसलं तर नगं दिऊ. पर मला कळल्याबिगर ऱ्हवत न्हाई."

मग मनुबाईनं भिंतीला हात लावला आणि उठली. उठताना धाप लागली ती तिनं पुरी होऊ दिली.

"निजल्या माणसाचं माप घ्यायचं नसतं," ती म्हणाली. "मी उभी ऱ्हाती. जा, टेप आण."

सुलाबाई टेप घेऊन आली तेव्हा मनुबाई न्हाणीच्या मधोमध ताठ उभी होती, पातळ कमरेवरनं खाली सोडून, डोळे समोरच्या कोनाड्यावर. बरगडी कुठं संपते ते सुलाबाईनं बोटानं चाचपलं, हाड चाचपलं. मग टेप गुंडाळला.

"पोट आत घिऊ का सोडू?" मनुबाईनं विचारलं.

"सोड आक्का. सगळं सोड."

"आन मग काय, समदं आयुष्य आत घिऊनच उभी हुती," मनुबाई म्हणाली आणि स्वतःच हसली, आणि हसण्यानं टेप हलला म्हणून माप पुन्हा घ्यावं लागलं. कंबर कुल्ल्यांपेक्षा मोठी निघाली. लुगडं नव्हतं, चंची नव्हती, अडकित्ता नव्हता. सुलाबाईनं आकडा तीनदा वाचला आणि पातळ उचलून तिच्या खांद्यावर घातलं.

हंबीरराव दिवस मावळायच्या आत परत आला. त्याच्यापासून लपवून चाललंच असतं. पण मनुबाईनं त्याला पाणी दिलं आणि चूळ भरून होईस्तोवर थांबून सांगितलं, माप दिलंय आणि उद्या मिरजेला जायचंय. सुलाबाई भिंतीच्या अलीकडं कान लावून उभी. मग तांब्या जोरात खाली ठेवल्याचा आवाज. मग हंबीररावाचा आवाज, नेहमीसारखाच खालचा, आणि म्हणून जास्त भीतीचा. तो काय काय बोलला, त्यात आबा होते, लालासाहेब होता, नाथाजी होता. सगळं बोलून झाल्यावर मनुबाईचा आवाज आला.

"साताऱ्याला भरतीत तुमच्या छातीचं माप घेतलं, तवा सासूबायनी गावात गूळ वाटला. माजं घेतलं तर सुतक व्हय?"

सुलाबाईनं भिंतीला कपाळ टेकलं. पलीकडं दार वाजलं, हंबीरराव बाहेर गेला. तो रागानं गेला का कशानं ते आवाजावरनं कळेना. त्या रात्रीचा स्वयंपाक सुलाबाईनं केला नाही.

सकाळी दोघी जावा एसटीच्या थांब्यावर गेल्या, तर तो आधीच तिथं उभा. पलटणीतला जुना कोट, बूट पुसलेले, काखेत छत्री. कुणाकडंच न बघता त्यानं विचारलं, "सांगलीला बदलायची का थेट मिरज?"

सुलाबाईनं मनुबाईकडं बघितलं. मनुबाई मुद्दाम रस्त्याकडं बघत होती. तेव्हा सुलाबाईला कळलं की हे बायकोच्या आडून नाही विचारलेलं.

"सांगलीला बदलाया लागती, भावजी," ती म्हणाली.

मिरजेला रक्त घेतलं, छातीला वायरी लावून लांब कागदाची पट्टी काढली. मग तिघं बाकावर बसून राहिली. त्या बाकाची आठवण सुलाबाई पुढं कधी काढत नसे. आत कागद जात होते, बाहेर येत होते, आणि हरेक वेळी दार उघडलं की हंबीरराव उठून सावधानमध्ये उभा राहायचा. शेवटी शकुंतलाबाई बाहेर आल्या. साखर भलतीच चढलेली होती. आणि काळजाला एक धक्का आधीच बसून गेला होता. कधी, ते मनुबाईलाही ठाऊक नव्हतं. मग तिला तो बांध आठवला, आणि तो ओवा.

"दुसरा बसायच्या आत आलात," बाई म्हणाल्या. "तो बसलाच असता."

हंबीररावानं मान हलवली. नंतर कितीतरी वेळ तो दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली उभा होता, पाठ इकडं करून. परत आला तेव्हा म्हणाला, माझंही माप घ्या. कंपौंडरनं टेप लावला तसा तो छाती फुगवून उभा राहिला, मान ताठ. छाती नको हो, पोट सोडा, असं त्याला दोनदा सांगावं लागलं. सोडलं, तेव्हा तो बायकोकडं बघून जरा ओशाळला.

मनुबाईला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि गोळ्या सुरू करून मगच घरी सोडलं. गुळाचा चहा बंद झाला, त्याचं तिनं सुतक पाळल्यासारखं दुःख केलं. सकाळी चालायला सांगितलं होतं, तर हंबीरराव तिला ओढ्यापर्यंत चालवत न्यायचा. तो पुढं, ती मागं, आणि तो हळूच पायाचा ताल मोजायचा, पलटण चालल्यासारखा. गाव हसला. पण वर्षभरात मनुबाई देवळाच्या पायऱ्या न थांबता चढली, तेव्हा हसणं बंद झालं आणि बायका एकेक करून सुलाबाईच्या दाराशी यायला लागल्या. येताना इकडं तिकडं बघायच्या आणि म्हणायच्या, मी उभ्यानंच माप दिईन हं. सुलाबाई दार लावून घ्यायची, निऱ्या सोडवायची, आणि टेप कातडीला लावायची. लाज दोघींचीही असायची, पण ती दाराच्या आतच राहायची. लालासाहेबाची सून आली, रडली, माप देऊन गेली. माप घेतलं की माणूस मरतो असं म्हणणाऱ्या दोन म्हाताऱ्या मात्र शेवटपर्यंत आल्या नाहीत. त्यातली एक अजून ठणठणीत आहे आणि तेच सांगत फिरते.

दवाखान्याचं काम संपलं, पांढरी गाडी यायची थांबली. चिमटा त्यांनी परत नेला, टेप सुलाबाईकडं राहिला. महिन्याच्या महिन्याला ती मनुबाईला मिरजेला न्यायची, तेवढं तिनं कधी चुकवलं नाही. हंबीररावाचे गुडघे दुखायला लागल्यावर दोघीच जायच्या.

सुलाबाई गेली ती एका पौषात, झोपेतच, कुणाला हाक न मारता. त्याच्या आदल्या दिवशी त्या दोघी मिरजेला जाऊन आल्या होत्या. सकाळच्या गाडीला गर्दी होती. सुलाबाईनं कंडक्टरशी थोडं भांडून आक्काला खिडकीची जागा मिळवली आणि स्वतः सांगलीपर्यंत दांडी धरून उभी राहिली. मनुबाईनं रक्त दिलं, शकुंतलाबाईंनी छातीची पट्टी बघितली, चांगली आहे म्हणाल्या. औषधाच्या खिडकीशी रांगेत उभं राहून तिनं गोळ्या घेतल्या, जेवणाआधीच्या एका पुडीत, जेवणानंतरच्या दुसऱ्या. मनुबाईचं लक्ष कोपऱ्यावरच्या जिलबीच्या कढईकडं गेलं, तर तिचा दंड धरून तिला पलीकडच्या फुटपाथवर नेलं. पेरू घेतला, दोघींत अर्धा अर्धा खाल्ला. परतीच्या गाडीत मनुबाई तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि सुलाबाई थांबा चुकू नये म्हणून जागी राहिली. माळेवाडीला उतरल्यावर आक्काला दारापर्यंत सोडलं, हंबीररावाच्या हातात पुड्या दिल्या आणि कोणती कधी ते परत एकदा सांगितलं, त्याला पाठ होतं तरी. मग ती आपल्या घरी गेली, पाय धुतले, आणि भाकरीचं पीठ चाळायला बसली.